पोलंडबाई आणि हेलेना

सोलापूरच्या उन्हाची मनापासून स्तुती करणारं माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते पोलंडचं होतं. एप्रिल सरत आला की आमचं शहर दुपारी बारा ते पाच मेल्यासारखं पडून असतं. कुत्री नळाखालच्या डबक्यात जाऊन बसतात आणि रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं. नेमक्या त्या वेळेला पोलंडबाई फिरायला निघायच्या. छत्री नाही, डोक्यावर पदर नाही. तोंड वर, डोळे अर्धवट मिटलेले, आणि चाल रस्त्याच्या मधोमध. कुणी हटकलंच तर म्हणायच्या, "आज जरा बरं हाय. काल वारं लई होतं." जानेवारीत मात्र, आम्ही सोलापूरकर जिला थंडी म्हणतो आणि बाकीचं जग जिला नुसती हवा म्हणतं, ती सुरू झाली की बाई दोन स्वेटर आणि मफलर घालून वर्गावर यायच्या आणि खिडकीकडे बघून त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटायच्या. अर्थ आम्ही कधी विचारला नाही. सूर पुरेसा होता.

आडनाव त्यांचं नवऱ्याचं, साधं सोलापुरी. पहिल्या नावात मात्र इतकी व्यंजनं एकमेकांच्या मानगुटीवर बसलेली होती, की शाळेच्या क्लार्कनं मस्टरवर तिसऱ्या अक्षरानंतर रेघ ओढून विषय संपवला होता. मग त्या सगळ्यांच्याच पोलंडबाई झाल्या. विणकरांच्या घरातली तेलुगू बोलणारी मुलं त्यांना पोलंडम्मा म्हणायची, आणि बाई दोन्हीला ओ द्यायच्या.

महायुद्धात त्या तुरुंगात होत्या, हे सगळ्या शहराला माहीत होतं. त्यापलीकडे कुणाला काही माहीत नव्हतं. लढाईच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या भागात रशियन फौज आली. बाई तेव्हा गावच्या शाळेत नुकत्या मास्तरीण झाल्या होत्या. त्यांना अटक झाली, मग तुरुंग, मग उत्तरेकडच्या जंगलात लाकूडतोड. लढाईचं वारं फिरलं तसं कैद्यांना सोडण्यात आलं, आणि इराणमार्गे, कराचीमार्गे बाई हजारो पोलिश बायकामुलांबरोबर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत येऊन पोचल्या. छावणीच्या दवाखान्यात सोलापूरचा एक कंपाउंडर होता. तो गोळ्या द्यायला यायचा. बाईंना गोळ्या लागेनाशा झाल्या तरी तो येत राहिला. लग्न करून त्यानं त्यांना सोलापूरला आणलं तेव्हा सासूनं म्हणे उंबऱ्यातच त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मुलाला सांगितलं, "लई पांढरी हाय रं. उनात ठेव जरा." बाईंनी सासूची एवढी एकच आज्ञा जन्मभर पाळली.

सासू मंगळवेढ्याच्या. बाईंची मराठी त्यांच्याकडून आलेली. त्यामुळे निळ्या डोळ्यांची, इस्त्रीच्या सुती साडीतली ही उंच गोरी बाई तोंड उघडून "कुटं निघाली गं?" म्हणाली की नवख्या माणसाला भोवळ यायची. एकदा शिक्षणखात्याचे एक साहेब तपासणीला आले होते. त्यांनी बाईंसाठी म्हणून इंग्रजीत चार वाक्यं पाठ करून आणली होती. ती संपेपर्यंत बाई शांतपणे ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "साहेब, मराठीत बोला की. इंग्रजी तुमालाबी येईना, मलाबी येईना." मी शाळेत मराठी शिकवायची. सुरुवातीच्या उत्साहात मी एकदा त्यांना 'न्हाय' नव्हे, 'नाही' असं सुचवून पाहिलं. त्यांनी मला सांगितलं की ही भाषा सासूची आहे, दुरुस्ती करायची तर तिला विचारून कर. सासूला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

त्यांची-माझी गाठ पडली ती मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी. माझे वडील गिरणीत होते. आमच्या बौद्ध वस्तीतली शिक्षिका झालेली मी पहिलीच. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला तेव्हा शिक्षकांच्या खोलीतल्या दोन-तीन पाठी अगदी सहज झाल्यासारख्या वळल्या. कुणी काही बोललं नाही. अशा गोष्टी बोलून करायच्या नसतात. तेवढ्यात पोलंडबाई खुर्ची ओढत आल्या, माझ्यासमोर बसल्या, माझ्या डब्यातलं वांगं उचलून तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय. आईला सांग." दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. आईनं मीठ वाढवलं होतं, तर म्हणाल्या आता जास्त झालं. असं वर्षभर चाललं. त्या जेवणाला कुणी समतेचा प्रयोग म्हटलं असतं तर बाईंनी त्याला वेड्यात काढलं असतं. त्यांना फक्त दुसऱ्याच्या डब्यातलं खायला आवडायचं.

स्वतःच्या डब्यात त्या बारा महिने एकच गोष्ट आणायच्या : कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ज्वारीची ही पापडासारखी वाळवलेली भाकरी आमच्याकडे घरोघरी असते. पण आम्ही ती खातो, बाई तिची साठवण करायच्या. त्यांच्या घरी पलंगाखाली भाकरी, शिलाई मशीनच्या खणात भाकरी, शाळेच्या कपाटात पृथ्वीच्या गोलामागे फडक्यात बांधलेली भाकरी. एकदा नकाशे काढायला गेलेल्या शिपायाच्या अंगावर भाकरीची चवड कोसळली आणि तो "माझी काय चूक झाली" असं विचारत बाहेर आला. बाईंचं म्हणणं असं की माणसानं आजवर लावलेल्या शोधांत हा सगळ्यात मोठा. विमान वगैरे नंतर. पोलंडला परत जावंसं वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "जिथं भाकरी चार-चार म्हैने टिकती, ते गाव सोडून माणूस जाईल कशाला?" मी हसले. त्या हसल्या नव्हत्या, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

शिकवायच्या भूगोल. अभ्यासक्रमातला निम्मा भूगोल त्यांना सक्तीनं पायाखाली घालावा लागला होता. पण सायबेरियाचा धडा आला की त्या पुस्तकातल्या तीन ओळी वाचून पान उलटायच्या. मुलं आणखी विचारायची. "तितं झाडं हायत, बर्फ हाय. बास. परीक्षेला येत न्हाय." त्यांचं स्वतःचं गाव कुठं, असं एकदा एका मुलीनं विचारलं, तर त्यांनी नकाशात रशियाच्या रंगात बोट ठेवलं. मुलगी म्हणाली, पण तुम्ही तर पोलंडच्या. बाई म्हणाल्या, गाव जागेवरच आहे, लढाईनंतर देश उठून पलीकडं जाऊन बसला.

पण या सगळ्याहून त्यांची एक सवय अशी होती की जिच्यापायी हेडसर रात्रंदिवस तळमळत. बाई 'कुणी केलं?' असं कधीही विचारत नसत. खिडकी फुटो, शाई सांडो, शेळी वर्गात येऊन भारताचा नकाशा खावो, त्या झालेलं निस्तरायला लावायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या. दोघींचे पेपर शब्दाला शब्द सारखे निघाले तर दोघींना बोलावून एवढंच सांगायच्या की निदान चुका तरी आपापल्या करा.

एके सकाळी आठवीच्या फळ्यावर हेडसरांचं चित्र निघालं. धड गाढवाचं, डोकं हेडसरांचं. डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत ते जो एकुलता एक केस आडवा नेत, तोही चित्रात जागेवर होता. चित्र फार चांगलं होतं, तिथंच घोटाळा झाला. हेडसरांनी सगळ्या वर्गाला उभं केलं आणि नाव हवं म्हणाले. वर्ग चपलांकडं बघायला लागला. मग त्यांनी समोरच्या बाकावरच्या एका घाबरट मुलीला पुढं बोलावलं. तू बघितलंयस, तू सांग, नाहीतर तुझंच नाव काढून टाकतो, असं तिला दरडावलं. मी दारात उभी होते, आणि पोलंडबाईंचा चेहरा मला तिथून दिसत होता. इतका पांढरा तो सासूनंही पाहिला नसेल.

"मी काढलं," बाई म्हणाल्या.

हेडसर म्हणाले, "बाई, तुम्हाला नकाशातली गोदावरीसुद्धा धड काढता येत नाही."

बाईंनी खडू उचलला आणि त्या चित्राशेजारी दुसरं चित्र काढलं. ते गाढव आजारी मेंढीसारखं दिसत होतं. त्याला पाय पाच झाले होते, आणि हेडसर कुठं सुरू होतात तेही नीट कळत नव्हतं. बाई दोन पावलं मागं जाऊन बघत म्हणाल्या, "काल हात चांगला चालला व्हता." वर्गात हशा फुटला. हेडसरांनी लेखी खुलासा मागवला. बाईंनी तो दिला : चित्र माझ्याकडून झालं आहे, पुन्हा इतकं चांगलं होणार न्हाय. हेडसर त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. बाईंनी ते वर्ष आपल्या नोकरीतलं सर्वांत सुखाचं वर्ष म्हणून जाहीर केलं.

त्या का असं करतात, हे मला कळायला आणखी पंचवीसेक वर्षं जावी लागली. बाई निवृत्त झाल्या, कंपाउंडर गेले, मी स्वतः निवृत्तीला आले. बाई ऐंशीच्या झाल्या तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठरवला आणि सन्मानपत्र लिहायचं काम मराठीची म्हणून माझ्या गळ्यात आलं. 'असीम धैर्य' आणि 'पोलादी निर्धार' हे दोन शब्द मी आधीच योजून ठेवले होते. तुरुंगातला एखादा प्रसंग मिळाला की ते बसवायचे, एवढंच बाकी होतं. वही घेऊन मी त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ, बाई अंगणात उन्हात शेंगा फोडत बसलेल्या. मी तुरुंगाचं विचारलं. नेहमी त्या उडवून लावायच्या. त्या दिवशी शेंगा फोडता फोडताच सांगायला लागल्या.

रशियन आल्यावर गावची शाळा त्यांनी ताब्यात घेतली आणि पोलिश शिकवणं बंद केलं. बाई आणि त्यांची मैत्रीण हेलेना, दोघी विशीतल्या मास्तरणी, एका शेतकऱ्याच्या गवताच्या कोठारात मुलांना आळीपाळीनं चोरून शिकवायला लागल्या. थंडीत एकदा हेलेना मावशीकडे लग्नाला म्हणून शहरात गेली आणि तिकडं असतानाच इकडं बाईंना पकडलं. आणखी कोण शिकवतं, एवढंच त्यांना हवं होतं. बाईंना मारलं नाही. फक्त झोपू दिलं नाही, आणि खायला दिलं नाही.

"पाचव्या दिवशी मी हेलेनाचं नाव सांगितलं," बाई म्हणाल्या. "मग त्यांनी मला पाव दिला. मी खाल्ला. पाव लई चांगला होता, पोरी. तेच मला अजून सहन व्हईना."

दोन आठवड्यांनी तुरुंगाच्या आवारात त्यांना लांबून हेलेना दिसली. केस कापलेले, अंगावर कैद्याचा कोट. हेलेनानं यांना पाहिलं आणि मान फिरवली. ती शेवटची भेट. पुढं ती जगली की मेली हे बाईंना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. छावणीत माणसं एकमेकांची नावं विचारत, याद्या लावत. बाई त्या याद्यांच्या भिंतीकडं पाठ करून जात.

मी पेनाला टोपण लावलं. बाई म्हणाल्या, लिही की, थांबलीस का. त्यांनी माझ्यापुढं शेंगांचं सूप सरकवलं, आणि आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत शेंगा फोडत बसलो.

सन्मानपत्रात मी शेवटी भूगोलाबद्दलच लिहिलं. पण अध्यक्षांना ते पुरलं नाही. त्यांनी भाषणात बाईंना पोलंडची रणरागिणी केलं, तुरुंगाच्या भिंतीवरून उडी मारायला लावली आणि शाल घातली. बाई माईकपाशी गेल्या. उडी आपण मारलेली नाही, गुडघे तेव्हाही असेच होते, हे त्यांनी आधी स्पष्ट केलं. मग म्हणाल्या, "मी घाबरले होते. मैत्रिणीचं नाव मी सांगितलं. शाल ऊबदार हाय म्हणून ठेवून घेते, पण ती शूर बाईला दिली असं समजू नका."

अध्यक्ष नारळाकडे बघत बसले. मग मागच्या रांगेतून चाळिशीला आलेली एक बाई उभी राहिली. एसटीत कंडक्टर होती, ड्यूटीवरून परस्पर आलेली, खाकी कपड्यांत. ती म्हणाली, "बाई, हेडसरांचं गाढव मी काढलं व्हतं."

पोलंडबाई तिच्याकडं बघत राहिल्या. "मी इचारलं व्हतं का तुला?" असं त्या म्हणाल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. रडतानासुद्धा त्या अध्यक्षांचाच रुमाल घेऊन रडल्या आणि तो परत दिला नाही.

त्यानंतर मी त्यांच्या मागं लागले की हेलेनाचा शोध घ्या. त्यांनी कारणं काढली : टपालखातं नीट नाही, गाव दुसऱ्या देशात गेलं, ती मेलीच असेल. मी म्हटलं, मग पत्र लिहायला काय हरकत आहे, मेलेलं माणूस रागावणार नाही. हे त्यांना पटलं. त्यांनी गावच्या जुन्या चर्चच्या पत्त्यावर, तिथं जो कोणी पाद्री असेल त्याला, पत्र लिहिलं. टाकायला मीच गेले. पत्र पेटीत पडलं हे सांगितल्यावर त्यांनी मला दोन दिवस घरात घेतलं नाही.

आठ महिने काही आलं नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की बाई उठून आत जायच्या आणि तो गेल्यावर बाहेर यायच्या. अखेर एक जाड पाकीट आलं. पाद्रीनं पत्र पुढं पाठवलं होतं, तिथून ते आणखी पुढं गेलं होतं, आणि पोलंडच्या पश्चिमेकडच्या एका शहरातून हेलेनाच्या मुलीचं उत्तर आलं होतं. बाईंनी मला बोलावून घेतलं, चष्मा पुसला आणि एकेक ओळ वाचून मला मराठीत सांगायला सुरुवात केली. हेलेना तुरुंगातून, छावणीतून जिवंत सुटली होती. तिचं लग्न झालं, ती पुन्हा शाळेत शिकवायला लागली, आणि सहा वर्षांपूर्वी म्हातारी होऊन घरीच वारली.

मग बाई थांबल्या. तोच परिच्छेद त्यांनी दोनदा मनातल्या मनात वाचला. मुलीनं लिहिलं होतं की आई तुमची आठवण काढून फार रडायची. शहरात मावशीच्या घरी लग्नाच्या आदल्या दिवशीच तिला पकडलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी तिनं तुमचं नाव सांगितलं. म्हणून तुम्हाला अटक झाली. तुरुंगाच्या आवारात तुम्ही दिसलात तेव्हा तिला लाजेनं तुमच्याकडं बघवलं नाही. तुम्हाला पत्र लिहायचा धीर तिला कधी झाला नाही. आईच्या वतीनं मी तुमची क्षमा मागते.

म्हणजे बाईंनी हेलेनाचं नाव सांगितलं तेव्हा हेलेना आधीच आत होती.

मी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मी घाबरले, आणि पाहते तो त्या हसत होत्या. "बघ की!" त्या म्हणाल्या. "आधी नाव तिनं दिलं, आन् मान पण तिनंच फिरवली! आन् मी साठ वर्षं..." हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं लागलं, ते मला सांगता येणार नाही. मी त्यांचा हात धरून बसले.

त्या दिवसापासून हेलेना आमच्या गल्लीत राहायला आली म्हणायला हरकत नाही. साठ वर्षं जिचं नाव ओठांवर आलं नव्हतं, तिच्याबद्दल बाई रोज सकाळ-संध्याकाळ बोलायच्या, आणि एकही गोष्ट चांगली सांगायच्या नाहीत. हेलेना पत्त्यांत लबाडी करायची. हेलेनाचा आवाज फाटका, पण चर्चमध्ये सगळ्यात मोठ्यानं गायची ती. जंगलखात्याच्या एका देखण्या अधिकाऱ्याला बघायच्या नादात ती तळ्यात पडली आणि वर येऊन सांगितलं की मासे बघत होते. मी शाळा सुटल्यावर रोज तिकडं जायची, चहा व्हायचा, आणि आज हेलेनानं काय केलं ते ऐकायची. हेलेनाच्या मुलीला बाईंनी लांबलचक पत्र लिहिलं. त्यात हे सगळं तिच्या आईबद्दल कळवलं होतं. मुलीचंही उत्तर आलं, की आईनं तुमच्याबद्दल सांगितलेलं याहून वाईट आहे. ते पत्र बाईंनी वरण-भात खाताना तीनदा माझ्याकडून मागून घेऊन वाचलं.

असं जेमतेम वर्ष गेलं. पुढच्या पावसाळ्यात बाई अंथरुणाला खिळल्या. दुखणं असं काही नव्हतं. वय झालं होतं. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. मला वाटलं, काहीतरी मोठं राहिलं आहे. आणखी एखादं नाव, आणखी एखादा तुरुंग. मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"एक गोष्ट मी कुणालाच सांगितली न्हाय," त्या हळूच म्हणाल्या. "हेलेना दिसायला माझ्यापेक्षा चांगली होती."

एवढं सांगून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले. मी खिडकीतून येणारं पावसाळी ऊन त्यांच्या पायांवर पडेल असा पलंग जरा सरकवला आणि बराच वेळ तिथंच बसून राहिले. ज्या मुलीला मी कधी पाहिलं नाही, ती कुठल्याशा थंड देशातल्या तळ्यातून ओली होऊन वर येताना मला अगदी स्वच्छ दिसत होती, आणि काठावर तिला हसणारी दुसरी मुलगीही.